चिलटाच्या नावातील कंस

श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात चेंबरंबाक्कमसारख्या तलावांकाठी सायंकाळी थव्याने उडणारा प्रत्येक कीटक डास असतो, असे नाही. कायरोनोमिडी कुलातील चिलटे डासांसारखीच दिसतात. परंतु त्यांना रक्त शोषणारी सोंड नसते आणि त्यांच्या पंखांवर डासांप्रमाणे खवले नसतात. हा भेद न जाणता फवारणी केल्यास औषध व्यर्थ जाते, शिवाय माशांचे खाद्यही नष्ट होते.

मात्र कुल ओळखणे हा सोपा भाग. जाती कोणत्या प्रजातीत बसवावी, हा खरा प्रश्न. युरोपातील अशाच एका चिलटाला लिनीयसने १७५८ मध्ये ‘टिप्युला’ या लांब पायांच्या माश्यांच्या प्रजातीत घातले होते. मायगेनने १८०३ मध्ये कायरोनोमस ही प्रजाती स्थापिली. आज त्या जातीचे नाव ‘कायरोनोमस प्लुमोसस (लिनीयस, १७५८)’ असे लिहितात. येथील कंस शोभेसाठी नाही. मूळ लेखकाने ही जाती अन्य प्रजातीत ठेवली होती, हे तो सांगतो.

असे स्थलांतर रंगावरून ठरविणे धोक्याचे, कारण मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो. नराच्या जननेंद्रियांची घडण, अळीच्या मुखातील दंतुर पट्टिका आणि कोशाची श्वसनांगे सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहावी लागतात. खाऱ्या पाण्यातील ‘कार्टेरोनिका लॉन्जिलोबस’ या उपद्रवी जातीची अशी फेरतपासणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली; आता ती किफेरुलस प्रजातीत गणली जाते. पण अळी व प्रौढ कीटक एकाच जातीचे, हे कशावरून? त्यासाठी एकेक अळी स्वतंत्र कुपीत वाढवावी लागते आणि तिची कात, कोशाचे कवच व बाहेर पडलेले चिलट एकाच क्रमांकाखाली जपून ठेवावे लागते.