भिंगाची निवड

प्रस्तावना
एकाच मेळ्याची दोन छायाचित्रे पाहिली, तर एकात माणसांचा सागर दिसतो आणि दुसऱ्यात एका वृद्धेच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या. मेळा तोच असतो, कॅमेराही तोच असू शकतो. बदललेले असते ते भिंग. प्रस्तुत पाठात भिंगाचे गुणधर्म आणि त्याच्या निवडीचा विवेक यांचा परिचय करून घेऊ.

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• नाभीय अंतर व दृश्यकोन यांचा संबंध सांगता येईल;
• एफ-अंकाचा अर्थ स्पष्ट करता येईल;
• विषयानुरूप भिंगाची निवड करता येईल.

मूळ पाठ

१. नाभीय अंतर
भिंगावर लिहिलेली ‘५० मिमी’ यासारखी संख्या त्याचे नाभीय अंतर दर्शवते. हे अंतर जितके कमी, तितका दृश्यकोन विस्तृत. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचे माप ३६ × २४ मिमी असते. या चौकटीवर २४ मिमी भिंग सुमारे ८४ अंशांचा, ५० मिमी भिंग सुमारे ४७ अंशांचा, तर २०० मिमी भिंग अवघ्या १२ अंशांचा प्रदेश टिपते. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतील संवेदक या चौकटीहून लहान असतो. तो दीडपट लहान असल्यास ५० मिमी भिंगातून ७५ मिमी भिंगाइतकेच दृश्य मिळते. म्हणून भिंग घेण्यापूर्वी संवेदकाचे माप जाणून घ्यावे.

२. एफ-अंक
नाभीय अंतराला भिंगातील छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. ५० मिमी भिंगाचे छिद्र २५ मिमी असेल तर एफ-अंक २, आणि साडेबारा मिमी असेल तर ४. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चतुर्थांश होते. अर्थात प्रकाशही चतुर्थांशच आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८–५५ मिमी झूम भिंगाचा किमान एफ-अंक ५५ मिमीवर बहुधा ५.६ असतो. त्याच्या तुलनेत एफ/१.८ चे साधे ५० मिमी भिंग नऊ पटींहून अधिक प्रकाश घेते. दिव्यांच्या मंद उजेडात घरगुती समारंभ टिपणाऱ्यास महागड्या झूमपेक्षा असे स्वस्त, स्थिर नाभीय अंतराचे भिंग अधिक उपयोगी पडते.

३. अंतराचा विवेक
जवळून काढलेल्या चित्रात नाक मोठे दिसते. हा दोष भिंगाचा मानला जातो. वस्तुतः तो अंतराचा परिणाम आहे. ८५ मिमी भिंगामुळे छायाचित्रकार दोन-एक मीटर दूर उभा राहू शकतो, म्हणून चेहरा स्वाभाविक उमटतो. म्हणजेच भिंग निवडताना आपण विषयापासून किती दूर उभे राहणार, हेही ठरवत असतो.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम ५० मिमी भिंगावर केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही काळ आधी, ते महात्मा गांधींना भेटले होते. पुढे त्यांनी अंत्ययात्रेचीही छायाचित्रे घेतली. अशा भिंगाने माणसे टिपायची, तर माणसांच्या जवळ जावे लागते. आणि जवळ जायचे, तर त्यांचा विश्वास संपादन करावा लागतो. शोकाकुल व्यक्तीकडे दुरून, तिच्या नकळत, टेलिफोटो भिंग रोखणे सोपे असते; ते उचित आहे का, हा प्रश्न मात्र छायाचित्रकाराने स्वतःस विचारला पाहिजे.

पक्ष्यांच्या बाबतीत हाच विचार उलट दिशेने जातो. अंडी उबवणाऱ्या पक्षिणीच्या जवळ गेल्यास ती घरटे सोडून उडून जाण्याचा संभव असतो. येथे ४०० मिमीसारखे दीर्घ भिंग आणि दूर राहण्याचा संयम हवा. दीर्घ भिंगात हाताचा कंपही वाढून दिसतो. म्हणून २०० मिमी भिंगासाठी सेकंदाचा दोनशेवा भाग किंवा त्याहून अल्प उघडझाप-काळ ठेवावा, अथवा तिपाई वापरावी.

पाठगत प्रश्न
१. १०० मिमी भिंगाच्या छिद्राचा व्यास २५ मिमी असल्यास एफ-अंक किती?
२. चेहऱ्याचे चित्र घेताना ८५ मिमी भिंग का उपयुक्त ठरते?
३. ‘भिंगाची निवड ही अंतराची निवड आहे’ – पाठाच्या आधारे स्वमत मांडा.