मुखत्यारपत्र : वेळीच करावयाचे काम

आईवडील थकले की त्यांचे व्यवहार कोणी पाहावेत, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. बँकेच्या काउंटरवर आम्हाला तो नेहमी विचारला जातो.

केवळ हात थरथरतो म्हणून मुखत्यारपत्र लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन खात्यातून पैसे काढता येतात. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

मुखत्यारपत्र करावयाचे तर ते आईवडिलांची समज शाबूत असतानाच करावे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची बुद्धी गेली किंवा तो मरण पावला की मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपतो. वडील बेशुद्धावस्थेत गेल्यावर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. खंडपीठ आपल्याच शहरात असले तरी त्यात वेळ व पैसा जातोच.

कोणती कामे सोपविली ते स्पष्ट लिहावे व वडिलांना वाचून दाखवावे. मृत्यूनंतर त्या कागदावर पेन्शन काढू नये. तसेच केवळ मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. बहिणींचा हक्कही त्याने बुडत नाही.

मुखत्यार हा मालक नव्हे, विश्वासाने नेमलेला सेवक आहे, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे.