ओढा अचानक का फुगतो?

भीमाशंकरच्या रानातून चालत तुम्ही एका लहानशा धबधब्यापाशी पोहोचलात. डोक्यावर ऊन आहे. मग धोका कसला?

सह्याद्रीचा बेसॉल्ट खडक कठीण आणि उतार तीव्र. त्यामुळे वर दूर कोसळलेला पाऊस फारसा न मुरता थोड्याच वेळात ओढ्यात उतरतो. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग २ पट झाला, की पायांवरील रेटा ४ पट! शिवाय पाणी चढले, की उत्प्लावक बल वाढते आणि तळाशी असलेली पायांची पकड सुटू लागते.

म्हणून पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला, तर सामान सोडून ताबडतोब उंच काठावर चढा. पाणी ओसरेपर्यंत ओढा ओलांडू नका.