ऑगस्टाचे चढउतार

गोल्फचा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वालुकामय कुरणांवर वाढीस लागला. तेथे खेळाडूचा झगडा मुख्यतः वाऱ्याशी असे. परंतु हा खेळ टेकड्यांवर चढला, तेव्हा त्याचे स्वरूप पालटले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे जे प्रसिद्ध मैदान आहे, ते अशा उंचसखल मैदानांपैकीच होय.

१९३० साली चारही प्रमुख स्पर्धा जिंकून निवृत्त झालेल्या बॉबी जोन्स याने एका जुन्या रोपवाटिकेची जागा या मैदानासाठी निवडली. वैद्यकी सोडून मैदाने आखण्याकडे वळलेल्या डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी याच्या साहाय्याने त्याने तेथे अठरा वाटा आखल्या. प्रत्येक वाटेच्या अखेरीस बारीक कापलेली हिरवळ व तीत एक लहानशी खळी असते. कमीत कमी टोल्यांत चेंडू तीत घालावयाचा, एवढाच काय तो खेळ! १९३४ साली येथे पहिली स्पर्धा भरली. ती पाहावयास मॅकेंझी मात्र हयात नव्हता.

दूरचित्रवाणीवर हे मैदान पुष्कळसे सपाट भासते. प्रत्यक्षात सर्वांत उंच व सर्वांत सखल जागांत दीडशे फुटांहून अधिक अंतर आहे. दहावी वाट तर एकटीच सुमारे शंभर फूट खाली उतरते. अशा भूमीवर खेळाडूचे दोन्ही पाय क्वचितच एका पातळीवर येतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायांपेक्षा चेंडू उंचावर असला, तर तो डावीकडे वळू पाहतो. खाली असला, तर उजवीकडे. चढावरून मारलेला चेंडू उंच जातो, पण लवकर पडतो. उतारावरून मारलेला बुटका जाऊन दूरवर घरंगळतो. म्हणून येथे बाहुबलापेक्षा पाय रोवण्याची व अंदाज बांधण्याची कसोटी अधिक लागते.

दरीच्या तळाशी बारावी वाट आहे. तिची लांबी अवघी १५५ यार्ड, अपेक्षित टोले तीन. परंतु पुढे ओढा आडवा वाहतो, आणि उंच पाइन वृक्षांमध्ये सापडलेला वारा क्षणाक्षणाला दिशा बदलतो. २०२० साली, आदल्या वर्षीचा विजेता टायगर वुड्स याचे चेंडू येथे तीनदा पाण्यात गेले व त्याला दहा टोले लागले. तरीही उरलेल्या सहा वाटांपैकी पाच त्याने अपेक्षेपेक्षा एकेक टोला कमी घेऊन पार केल्या.

२०२१ च्या फेब्रुवारीत मोटार अपघातात वुड्सच्या उजव्या पायाची हाडे अनेक ठिकाणी मोडली. चौदा महिन्यांनी तो ऑगस्टास परत आला. टोला मारण्याची त्याला धास्ती नव्हती. कठीण होते ते चालणे, कारण या स्पर्धेत खेळाडूला वाहनाचा आधार घेता येत नाही. पहिल्या दिवशी ७१ टोले झाले, दुसऱ्या दिवशी ७४; शेवटच्या दोन दिवशी प्रत्येकी ७८. दुखावलेल्या पायाने चारही दिवस ते चढउतार तुडवून तो अठराव्या वाटेची अखेरची चढण लंगडत चढला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला. स्पर्धेत त्याचा क्रमांक सत्तेचाळिसावा होता.