मानेवरचा काळा थर मळ नव्हे

जुवाने बैलाच्या मानेला घट्टा पडतो, तो घासल्यामुळे. माणसाच्या मानेवर, काखेत वा जांघेत मखमलीसारखा जाड, काळा पट्टा येतो, त्याचे कारण बहुधा शरीराच्या आत असते. सचिनच्या ऊसपट्ट्यातील शेतकरी बंधुभगिनींना आम्ही सांगतो : तो मळ समजून विटेने घासू नका, लिंबू-सोडा लावू नका. कातडी सोलते आणि डाग अधिक गडद होतो.

वजन वाढले की शरीराला इन्सुलिन जास्त लागते. या जादा इन्सुलिनमुळे कातडीच्या पेशी वाढतात. म्हणून उपाशीपोटी रक्तातील साखर तपासावी. १०० ते १२५ आल्यास ती धोक्याची सूचना. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात.

घरी सौम्य साबणाने धुवावे, खोबरेल लावावे. चहातील साखर व गूळ कमी करावा. ट्रॅक्टरवर बसून काम करणाऱ्यांनी रोज अर्धा तास चालावे. वजन उतरले की डाग काही महिन्यांत फिका होऊ लागतो. दुकानातून गोरेपणाची मलमे आणू नयेत.

सडपातळ माणसाला असा पट्टा अचानक आला व वजन घटू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर नको. कोणताही चट्टा बधिर असेल तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध मोफत मिळते.