मागचे ब्रेक कमजोर का होतात? जुनी जीप हाताळणाऱ्या कारागिरांसाठी

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये आपल्या देशात विलिस जीपची जुळणी सुरू केली. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. या जुन्या फोर-व्हील गाड्या नांदेड आणि लातूरच्या गॅरेजमध्ये येतात, तेव्हा एक तक्रार हमखास असते : "उस्ताद, मागचे ब्रेक धरत नाहीत."

पुष्कळ ठिकाणी यावर एकच इलाज होतो : ड्रम खोलून नवे ब्रेक शू बसविणे. गाडी चार दिवस ठीक चालते आणि पुन्हा दारात येते. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आपले नाव जाते. हीच गाडी माणसांनी भरून माहूरच्या उतारावर असेल तर जिवावरच बेतते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : कमजोरी एका चाकात आहे की दोन्ही चाकांत? निम्मे निदान याच उत्तरात असते.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे पुढच्या ब्रेकपेक्षा मागच्यांचे काम मुळातच कमी असते. पण गाडी मागे भरली की त्याच ब्रेकची खरी गरज पडते.

रस्त्यावरची तपासणी

तपासणी टू-व्हीलमध्येच करावी. फोर-व्हील लावलेले असेल तर पुढची आणि मागची चाके ट्रान्सफर केसमधून बांधली जातात. मग पुढचा ब्रेक मागच्या चाकांनाही रोखतो आणि दोष झाकला जातो.

मोकळ्या जागी हळू वेगाने आठ-दहा वेळा ब्रेक लावून गाडी थांबवावी. मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात न्यावा; टेकवू नये, भाजते. जो ड्रम थंड, तो कामचोर.

पॅडलही बोलते. पहिल्या दाबाला खोल जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येते, तर शूचे ॲडजस्टमेंट सैल आहे. स्पंजासारखे लागते, तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरले असता हळूहळू खाली बसते, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे.

जॅकवरची तपासणी

येथे सावध राहावे. काही जुन्या जीपमध्ये हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे हॅन्डब्रेक निरुपयोगी ठरतो आणि गाडी घरंगळते. म्हणून सपाट जागा पाहावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि एक्सलखाली घोडी ठेवावी. अशा गाडीत हॅन्डब्रेक चांगला लागतो म्हणून मागचे ब्रेक चांगले, असे समजणेही चूक आहे.

आता गिअर न्यूट्रल करून हॅन्डब्रेक सोडावा. शागिर्दाला पॅडल दाबायला सांगून आपण चाक फिरवून पाहावे. मग दुसऱ्या बाजूला तेच करावे.

एकच चाक कमजोर असेल तर

ड्रम काढून शू पाहावेत. ओले असतील तर ओल कशाची ते ओळखावे. दाट आणि उग्र वासाचे असेल तर ते गिअर ऑइल : एक्सलचे सील गेले. नवे सील टाकण्यापूर्वी हाऊसिंगचा ब्रीदर साफ करावा. तो मातीने बुजला की आतला दाब वाढून तेल सीलमधून बाहेर पडते. मग नवे सीलही टिकत नाही. ओल पातळ असून पाण्याने धुतली जात असेल तर ते ब्रेक ऑइल : व्हील सिलिंडर गळतो आहे. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन भागत नाही. शू दोन्ही बाजूंचे बदलावेत. शू कोरडे असतील तर सिलिंडरचा पिस्टन जाम झाला आहे का, हे पाहावे.

दोन्ही चाके कमजोर असतील तर

दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर असतो. ॲडजस्टमेंट ठीक असूनही पॅडल कडक आणि चाके मोकळी असतील, तर चासीतून एक्सलवर उतरणाऱ्या रबरी होजवर संशय घ्यावा. जुना होज आतून फुगतो. बाहेरून मात्र चांगला दिसतो. चाकाचे निपल उघडून पॅडल दाबावे. तेल जेमतेम येत असेल तर होजच्या अलीकडचा सांधा सैल करून पाहावा. तेथे जोराची धार आली, तर दोष होजचा.

काम झाल्यावर

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. उघडे तेल हवेतील ओल शोषते. ताज्या डॉट ३ तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्याची मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर असे तेल उकळते आणि पॅडल रिकामे जाते. इंजिन ऑइल किंवा रॉकेल तर थेंबभरही घालू नये. रबर फुगून निकामी होते. ड्रममधील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसांसाठी घातक आहे.

शेवटी काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि दोष दाखवावा. पन्नास रुपयांच्या कामाने भागत असेल तर पन्नासच घ्यावेत. असा गिऱ्हाईक पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन येतो.