पेचकसाचे टोक

'पेचकस' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो फारसीतून आला. पेच म्हणजे स्क्रू आणि कश म्हणजे ओढणारा. मराठीत त्याला स्क्रू ड्रायव्हरही म्हणतात. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या गावात सुतार, मोटार मिस्त्री, पंप दुरुस्त करणारा कारागीर अशा अनेकांना तो रोज लागतो.

काही पेचकसांचे टोक बदलता येते. अशा सुट्या टोकाला 'बिट' म्हणतात. बिट लहान असते, पण सगळा जोर त्याच्यावरच येतो. म्हणून ते पारखून घ्यावे.

पहिली गोष्ट पोलादाची. पोलाद मऊ असेल तर टोक झिजते आणि खाचेतून घसरते. मग स्क्रूची खाच बिघडते, कधी हातालाही जखम होते. पोलाद फार टणक असेल तर टोक तुटते. म्हणून चांगले बिट तापवून विझवतात व पुन्हा बेताने तापवतात. याला 'पाणी देणे' म्हणतात. एस-टू जातीचे पोलाद धक्के चांगले सोसते. केवळ चकाकी पाहून मात्र फसू नये.

दुसरी गोष्ट मापाची. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली फुलीच्या खाचेच्या स्क्रूची पेटंटे मिळाली. अशा बिटावर पीएच-१, पीएच-२, पीएच-३ असे लिहिलेले असते. आकडा मोठा, तसे टोक मोठे. पीझेड लिहिलेले बिट दिसायला सारखेच, पण ते वेगळ्या खाचेसाठी असते. त्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या मध्ये चार बारीक रेषा असतात.

दुकानात जाताना नेहमीचा स्क्रू सोबत न्यावा. बिट खाचेत उभे धरून पाहावे. ते डुगडुगू नये. बिटावर माप व बनवणाऱ्याचे नाव असावे. आपल्या राज्यातही अशी हत्यारे बनतात. टपारिया कंपनीचा कारखाना नाशिकला आहे.

शंभर हलक्या बिटांच्या डबीपेक्षा रोज लागणारी चार चांगली बिटे घ्यावीत. बिटाचे पैसे वाचले, पण स्क्रू खराब झाला, तर तो काढायला मजुरी द्यावी लागते.

शब्दार्थ
टणक – सख्त
खाच – टोक बसण्याची जागा
डुगडुगणे – सैल असल्याने हलणे

स्वाध्याय
१. बिट फार मऊ किंवा फार टणक का नसावे?
२. दुकानात स्क्रू सोबत का न्यावा?
३. घरातील एका स्क्रूची खाच पाहून तिचे चित्र काढा.